बार्टली नॉटनचे पाच सामने

ॲथलोन,
रविवार, १७ जानेवारी २०२१

ती. ताईस,

मोरेश्वरचा आठही अंगांनी नमस्कार (त्यांतला डावा गुडघा थंडीमुळे रजेवर आहे). येथील सर्व क्षेम, तेथील कळवावे.

पत्रास कारण की मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. तुझं गेलं पत्र तू कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर लिहिलंस. काटकसर म्हणून मान्य. पण मोबाईलवर त्याचा फोटो काढताना पानामागून ऊन येत होतं, त्यामुळे 'तुझा रक्तदाब कसा आहे' या वाक्याच्या पोटात मला संकष्टी चतुर्थी उलट्या अक्षरांत वाचावी लागली. समास सोडला नाही म्हणून बत्तीस वर्षं मुलींचे गुण कापणाऱ्या मुख्याध्यापिकेकडून ही अपेक्षा नव्हती. तरीही पत्रच बरं. फोन केला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि पद्माकरराव स्पीकर लावून शेजाऱ्यांनाही श्रोत्यांत घेतात.

इकडे तिसऱ्यांदा टाळेबंदी आहे. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. ऑफिस जेवणाच्या टेबलावर, केतकीची शाळा जिन्यावर, आणि उल्काचा संताप घरभर. केतकीला मी मराठीत विचारतो, ती आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर देते, आणि संवाद झाला असं दोघंही समजतो.

नवीन उद्योग सांगतो. शेजारच्या नोरा नॉटन, वय चौऱ्याऐंशी. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन या साथीने दोनदा पुढे ढकललं. त्यांचं सामान मी दारात आणून ठेवतो. गेल्या आठवड्यात त्यांनी मला बिस्किटांचा एक जुना डबा दिला. उल्काने तो तीन दिवस बागेतल्या शेडमध्ये सोवळ्यात ठेवला, मग उघडू दिला. आत पत्रं. नोराबाईंच्या आजोबांचा धाकटा भाऊ बार्टली इथून १९०६ साली अमेरिकेला गेला आणि तिथे बेसबॉलचा पिचर झाला. पिचर म्हणजे आपल्या गोलंदाजासारखा. फक्त हा धावत येत नाही, जागेवरूनच, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. साधासुधा नव्हे, त्यांच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या लीगमध्ये. उन्हाळ्यात निघणाऱ्या गावच्या पुस्तिकेत बार्टलीवर एक पान यावं अशी बाईंची इच्छा आहे. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून वाचक मी. मी त्यांच्या खिडकीबाहेर कट्ट्यावर कानटोपी घालून बसतो, त्या आत, खिडकी चार बोटं उघडी.

आणि गंमत ऐक. बार्टलीचं प्रत्येक पत्र एकाच वाक्याने सुरू होतं: मी देवाच्या कृपेने खुशाल आहे, हे पत्र पोचेल तेव्हा तुम्हीही तसेच असाल अशी आशा. म्हणजे आपलं 'सर्व क्षेम'च की. मला तर एकदम अण्णांचं पोस्टकार्ड हातात आल्यासारखं झालं.

तुझा तनय मजेत आहे. कॉर्कला त्याच्या औषध कंपनीत काम भरपूर दिसतं. सगळं ग्रँड, मामा, असं म्हणाला (इथे 'छान चाललंय'ला सगळे ग्रँडच म्हणतात). बार्टलीच्या खेळाच्या जुन्या नोंदी शोधायचं काम मी त्याच्या गळ्यात घातलं आहे. आकड्यांत रमणारा मुलगा आहे.

लोभ कॅलेंडर बदललं तरी जुनाच असू द्यावा.

तुझा,
मोरेश्वर

•

मिरज,
२५ जानेवारी २०२१

चि. मोरेश्वर यास ताईचे अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे उल्का आणि केतकीला काढून दे.

हे पत्र फुलस्केपवर आहे, समास सोडला आहे, ऊन समोरून घेतलं आहे. आता तक्रार मागे घेतल्याचं लेखी कळव. येथील ठीक. हे जिन्याखाली उतरत नाहीत, पण गॅलरीतून सगळ्या सोसायटीची चौकशी करतात.

ह्यांनी ज्येष्ठ नागरिक संघाच्या पत्रकात तनयचा फोटो छापून आणला आहे. खाली मजकूर असा की लसनिर्मितीत मिरजेचा सुपुत्र. तो तिथे बसून आकडेमोड करतो, हे मी सांगून थकले. ह्यांच्या लेखी आयर्लंडात लस तनय एकटाच ढवळतो आहे. ते पत्रक ह्यांनी त्यालाही पाठवलं. त्यावर त्याचा अंगठा आला, शब्द आला नाही.

त्यावरून लिहिते. तनयचा मेल दर रविवारी येतो. 'आई, सगळं ग्रँड आहे, काम जोरात, काळजी नको.' गेले चार रविवार हेच, स्वल्पविरामासकट. मी आयुष्यभर वह्या तपासल्या. दोन मुलींचं उत्तर शब्दशः सारखं आलं की एकीने बघून लिहिलेलं असतं. इथे मुलगा स्वतःचंच बघून लिहितो आहे. असं माणूस कधी करतं?

संक्रांतीचा तिळगूळ मी कुरियरने त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवला, कारण दिवसभर तो तिथेच असतो असं त्यानेच मागे सांगितलं होतं. अजून पोच नाही. तू तिथे आहेस म्हणून मी जिवाला लावून घेत नाही. तुझ्या पत्रात 'मजेत आहे' वाचलं की दोन दिवस बरे जातात.

बार्टलीचं पुढे काय झालं ते लिही. मला त्या मुलाची आई डोळ्यांपुढे येते.

आशीर्वाद आहेतच, गुडघ्याला तेल लाव.

ताई

•

ॲथलोन,
रविवार, २१ फेब्रुवारी २०२१

ती. ताईस साष्टांग, गुडघा तेल लावून हजर. तक्रार बिनशर्त मागे. येथील सर्व क्षेम, तेथील कळवावे.

बार्टलीचं पुढचं विचारलंस. ऐक. १९०९ च्या जुलैत कारखान्याच्या संघातून त्याला मोठ्या संघाने उचललं. वय तेवीस, डावखुरा. पहिला सामना हरत चाललेला असताना त्याला मध्येच उभं केलं. त्याने तीन डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. दुसरा सामना त्याने अख्खे नऊ डाव टाकून जिंकला. त्या रात्रीचं पत्र सहा पानांचं आहे. टोप्या हवेत उडाल्या, आणि बॉस्टनमधल्या एका हॉटेलवाल्याने विटेएवढा मांसाचा तुकडा फुकट वाढला, असं लिहितो. ते वाचताना नोराबाई खिडकीआड टाळ्या वाजवत होत्या. तिसरा सामना हरला, थोडक्यात. त्या पत्रात अगदी शेवटी एक ओळ आहे की खांद्यात रात्री जरा कळ येते, आईला सांगू नका. चौथा सामना वाईट हरला.

पाचवा बारा ऑगस्टला. या खेळात पिचरने चार चेंडू आवाक्याबाहेर टाकले की समोरचा फलंदाज न मारता फुकट पहिल्या तळावर चालत जातो. बार्टलीने चार फलंदाजांना चेंडू टाकले आणि चौघेही चालत गेले. चौथा गेला तेव्हा पहिला आयताच घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, पोचून धाव झाली. मॅनेजर आत आला, बार्टलीच्या हातातून चेंडू घेतला. संपलं. तेवीस दिवस, पाच सामने. त्यानंतर कुठल्याही मोठ्या संघाच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव नाही.

पण ताई, डब्यात पत्रं आहेत ती १९१२ च्या ऑक्टोबरपर्यंतची. आणि प्रत्येकात तो खेळतो आहे. मी खुशाल आहे, हात ग्रँड आहे, गेल्या शनिवारी जिंकलो. नोराबाईंच्या दिवाणखान्यात त्याचा फोटो आहे, खाली लिहिलंय, 'चार हंगाम'.

हे सगळं तनयने शोधून काढलं. मी सहज विचारलं होतं. त्याने दोन दिवसांत अकरा पानांचं टिपण पाठवलं, त्या चार फलंदाजांची कुळं, मुळं आणि पुढची आयुष्यंसुद्धा. कंपनीचं काम सांभाळून एवढं कसं जमलं म्हणून मी कौतुक केलं. बुधवारी दुपारी फोन केला तर सव्वा तास बोलला, कॅमेरा बंद ठेवून. इंटरनेट मंद आहे म्हणाला. मी म्हटलं, आता नोराबाईंना खरं सांगायला हवं. तेव्हा तो पहिल्यांदाच थांबला. मग म्हणाला, "नको ना सांगूस, मामा. तो खोटं बोलत नव्हता. चांगली बातमी यायची वाट बघत होता, तोवर जुनी पाठवत होता."

किती मार्मिक बोलला बघ. मला तर कवितेचं बीज वाटलं. तेव्हापासून मी नोराबाईंपुढे १९०९ चीच पत्रं फिरवून फिरवून वाचतो आहे. त्या ऐकून घेतात. फक्त परवा म्हणाल्या की आवाज बसलाय तुमचा, थंडी बाधली का.

तनय ठीक आहे. काळजी नसावी. पाच किलोमीटरची अट सुटली की जाऊन येईन.

लोभ पूर्वीच्याच वजनाचा राहावा.

मोरेश्वर

•

मिरज,
४ मार्च २०२१

चि. मोरेश्वर यास आशीर्वाद.

तिळगूळ परत आला. कुरियरच्या मुलाने दारात डबा ठेवला आणि चिठ्ठी वाचून दाखवली: या नावाची व्यक्ती ऑक्टोबरपासून येथे काम करत नाही. मी त्याला म्हटलं, पत्ता चुकला असेल. तो म्हणाला, काकू, पत्ता बरोबर आहे, सही त्यांच्या रिसेप्शनची आहे. ह्यांना मी काही बोललेले नाही. डबा गव्हाच्या पिंपात ठेवला आहे.

तनयला काल विचारलं, ऑफिसात गेलास का. उत्तर आलं, सगळं ग्रँड आहे, काम जोरात.

अण्णांनी आपल्याला एकाच झोपाळ्यावर बसवून न्यायशास्त्र शिकवलं. म्हणून एकच विचारते, उत्तर एका ओळीत दे, शब्दांची आरास नको. तू मला तीन महिने लिहितोस की तनय मजेत आहे. त्याला तुझं प्रमाण काय? प्रत्यक्ष पाहिलंस, की त्याचाच शब्द मला परत पाठवत होतास? तू त्याला शेवटचं कधी पाहिलंस?

ताई

•

कॉर्क,
सोमवार, ८ मार्च २०२१, सकाळ

ती. ताईस मोरेश्वरचा नमस्कार.

गणपतीत. ३० ऑगस्टला. ही तुझी एक ओळ.

त्यानंतर त्याचा आवाज ऐकला, तोंड पाहिलं नाही. नाताळात प्रवासाला मुभा होती, तेव्हा तो म्हणाला की शिफ्ट आहे, आणि मी म्हटलं, बरं. तुला जे लिहीत आलो तो त्याचाच शब्द होता. प्रमाण म्हणून तो मी माझ्या सहीने पुढे पाठवला. या पत्राच्या डोक्यावर नेहमीचं वाक्य नाही, तुझ्या नजरेतून ते सुटलं नसेल.

आधी हे सांगतो: तनय माझ्यासमोर आहे. भिंतीकडे तोंड करून झोपला आहे. श्वास चालू आहे, दर थोड्या वेळाने मी बघतो. आता क्रमाने सांगतो.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी त्याला फोन लावला, उचलला नाही. संदेश आला की मीटिंगमध्ये आहे, ग्रँड. शुक्रवारी तेच. शनिवारी मी नोराबाईंच्या खिडकीशी गेलो. कशाला गेलो ते सांगता येत नाही; निघायला धीर होत नव्हता म्हणून असेल. तिथे बसलो आणि त्यांना बार्टलीचं खरं सांगून टाकलं. पाच सामने, तेवीस दिवस, बाकी तीन वर्षं नुसती पत्रं. म्हटलं, क्षमा करा, दोन आठवडे मी तुमच्यापासून लपवलं.

त्यांनी खिडकी आणखी चार बोटं उघडली. मग म्हणाल्या, "माझ्या आजोबांना दुसऱ्या हिवाळ्यातच कळलं होतं. गावचा एक जण परत आला होता, त्याने सांगितलं की बार्टली बर्फाच्या वखारीत लाद्या उचलतो. पण तो ग्रँड लिहायचा, तर हेही ग्रँड लिहायचे. विचारलं असतं तर जावं लागलं असतं."

मी विचारलं, पुढे? १९१३ च्या जानेवारीत घरमालकिणीचं पत्र आलं, बार्टली खोलीत मृत सापडल्याचं, असं म्हणाल्या. ते या डब्यात नाही. आजोबांनी ते चुलीत घातलं, आणि फोटोखाली 'चार हंगाम' हेही त्यांनीच लिहिलं.

काल सकाळी निघालो. उल्काने डब्यात साधं वरण आणि भात भरून दिला. काय सांगायचं पोलिसांना, एवढंच तिने विचारलं. रॉसक्रेच्या पुढे नाकेबंदी होती. तरुण गार्डा, म्हणजे इथला पोलीस, होता, केतकीच्या मास्तरांएवढा असेल. कुठून, कुठे, कारण काय. गाडीत बसून मी तीन कारणं रचली होती, तिन्ही ऐन वेळी गेली. म्हटलं, बहिणीचा मुलगा आहे, गेले पाच महिने तो बरा आहे असं लिहितो आहे. त्याने शेजारच्या सीटवरच्या डब्याकडे बघितलं. मग गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाला, जा, सांभाळून.

तनयची खोली एका बंद सलूनच्या वर आहे. बाकीचे भाडेकरू केव्हाच गेले. मी दार वाजवलं. आतून हालचाल ऐकू आली, दार उघडलं नाही. मी मराठीत हाक मारली, मग तुझ्या आवाजाची नक्कल करून 'तन्या' अशी मारली. शेवटी उघडलं. दाढी वाढलेली, गणपतीत मी दिलेलाच स्वेटर अंगात, आणि तो आता त्याच्या मापाचा राहिलेला नाही. माझ्याकडे बघून पहिलं काय म्हणाला असेल? "मामा, पाच किलोमीटर?"

नोकरी सोळा ऑक्टोबरला गेली. प्रकल्प बंद पडला, अख्खी तुकडी गेली, त्याचा दोष काडीचा नाही. इथे राहायचा परवाना त्या नोकरीशी बांधलेला. परवान्याच्या सरकारी खात्याचं पाकीट टेबलावर तसंच बंद पडलं होतं. नवी नोकरी लागली की दोन्ही बातम्या एकदम सांगायच्या असं त्याने ठरवलं होतं. आठवड्याचा महिना झाला. मग पद्माकररावांचं ते पत्रक आलं. त्यानंतर तो अर्ज करायचा थांबला. हे पद्माकररावांना दोष म्हणून लिहीत नाही. त्यांनी फोटो छापला, मी सही केली.

भिंतीवर कागद चिकटवले होते. मला वाटलं, अर्जांच्या तारखा असतील. जवळ गेलो तर बार्टलीचा पाचवा सामना. चार फलंदाज, एकेक चेंडू, त्याच्या बारीक अक्षरात. मला पाठवलेल्या अकरा पानांत नव्हतं ते इथे होतं: वखार, घरमालकिणीचं नाव, जानेवारीतली तारीख. शेवट त्याने शोधला होता, माझ्यापासून तेवढा ठेवून घेतला होता.

मी वरण गरम केलं. त्याने चार घास खाल्ले. खाताना मी त्याला नोराबाईंचं बोलणं सांगितलं. त्याचा चमचा थांबला. त्याने विचारलं, म्हणजे तिकडे भावाला माहीत होतं? मी म्हटलं, दुसऱ्याच हिवाळ्यात. त्याने ताटली बाजूला सारली, मग विचारलं, आणि आईला? मी म्हटलं, तुझ्या आईने जानेवारीतच ओळखलं, स्वल्पविरामावरून. तो हसला, ताई, खरंच हसला. मग रडायला लागला तो दिवे लागेपर्यंत. मी पाठीवर हात ठेवून बसलो. आत्तापर्यंत कधी बसलो नव्हतो, ना पोराजवळ, ना कुणाजवळ.

आज दुपारी त्याला घेऊन ॲथलोनला निघतो. केतकी तिची खोली देते आहे. सकाळी फोनवर तिने चक्क मराठीत विचारलं, दादा जेवला का. डॉक्टरांशी उल्का बोलली आहे, उद्या साडेदहाची वेळ मिळाली आहे. परवान्याचं पाकीट मी फोडलं, त्यात अजून मुदत आहे. पद्माकररावांना तू सांग, शेजारी बसून, स्पीकर न लावता. तनयला त्यांच्याकडून लसीबद्दल एकही शब्द नको. नुसतं जेवलास का विचारलं तरी पुष्कळ.

तिळगूळ पिंपातून काढ. पुन्हा पाठव, या वेळी माझ्या पत्त्यावर. मोडला असला तरी चालेल.

लोभ मागायला या वेळी तोंड नाही. तरी असू दे.

मोरेश्वर

ता. क. सही केल्यावर पुन्हा लिहितो आहे, कारण हे न लिहिता पत्र पाठवलं तर तेही मागच्यांसारखंच होईल. दार उघडायला त्याला अकरा मिनिटं लागली. मी जिन्यावर उभा राहून घड्याळ बघत होतो. त्या अकरा मिनिटांत तो आत काहीतरी आवरत होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खण बंद झाल्याचा आला. काय आवरलं, हे मी त्याला विचारलेलं नाही. तो खण माझ्या हाताशी आहे आणि मी तो उघडलेलाही नाही. ताई, मला भीती वाटते.